ग्रीक व्याकरण आणि माणूसपणाचा दाखला

जॉन कॅल्हून नावाचा एक मोठा माणूस अमेरिकेत होऊन गेला. मोठा म्हणजे त्यांच्या लेखी मोठा. साऊथ कॅरोलिनातला मळेवाला, पदरी गुलाम बाळगणारा, सेनेटर, दोन राष्ट्राध्यक्षांच्या काळात उपराष्ट्राध्यक्ष. गुलामगिरी ही नाइलाजानं सोसायची गोष्ट नव्हे, ती चक्क चांगली गोष्ट आहे, असं त्यानं १८३७ साली भर सेनेटमध्ये उभं राहून सांगितलं. ह्याच कॅल्हूननं त्याआधी तीन-चार वर्षं वॉशिंग्टनमध्ये एका जेवणाच्या टेबलावर एक अट घातली होती. ग्रीक वाक्यरचना जाणणारा एखादा निग्रो मला सापडला, तर निग्रो हा माणूस आहे आणि त्याला माणसासारखं वागवावं हे मी मानीन, अशा अर्थाची ती अट.

दोस्तहो, हे टेबलावरचं बोलणं आपल्यापर्यंत आलं कसं ते बघा. बोस्टनच्या दोन वकिलांनी ते वॉशिंग्टनहून आणलं आणि न्यूयॉर्कला गुलामगिरीविरोधी संघटनेच्या कचेरीत सांगितलं. त्या कचेरीत निरोप पोचवायला, सटरफटर कामं करायला एक काळा पोरगा होता. चौदा-पंधरा वर्षांचा. नाव अलेक्झांडर क्रमेल. साहेबलोक बोलत असतात तेव्हा पोऱ्याला कान असतात हे त्यांच्या ध्यानात राहत नाही. त्या पोऱ्यानं ते वाक्य काळजात घातलं आणि साठ वर्षांनी, १८९७ साली, म्हातारपणी, काळ्या विद्वानांच्या सभेत जसंच्या तसं बाहेर काढलं. त्या सभेचं नाव अमेरिकन निग्रो अकॅडमी. ती त्यानंच त्या साली स्थापन केली होती.

आता प्रश्न असा, की कॅल्हूनला माणूसपण मोजायला ग्रीकच का आठवलं? धान्य पेरता येतं का, घर बांधता येतं का, आजाऱ्याची सेवा करता येते का, हे त्यानं विचारलं नाही. कारण ते सगळं काळी माणसं त्याच्या डोळ्यांसमोर त्याच्याच मळ्यावर करत होती. त्यानं मुद्दाम ते माप काढलं जे मापायची पट्टी फक्त त्याच्या घरात होती. कॅल्हून येल विद्यापीठात शिकलेला. त्या काळी येल, हार्वर्ड, इकडं ऑक्सफर्ड, केंब्रिज, कुठंही आत शिरायचं तर लॅटिन आणि ग्रीक पाहिजेच. होमर, प्लेटो, सिसेरो. दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांच्या भाषा, ज्या बाजारात बोलत नाहीत, कोर्टात बोलत नाहीत, घरात तर नाहीच नाही. त्या शिकायला पोराला आठ-दहा वर्षं नुसतं बसवून पोसायला लागतं. ज्याच्या बापाला ते परवडतं तोच आत. बाकीच्यांना दार बंद आहे असं सांगायचीसुद्धा गरज नाही, दारावर फक्त ग्रीक अक्षरं लिहून ठेवायची. केंब्रिजनं सक्तीचं ग्रीक काढलं १९१९ साली, ऑक्सफर्डनं १९२० साली. लॅटिनची अट तर दोन्हीकडं १९६० पर्यंत चालली.

आणि हे लांबचं म्हणून सोडून देऊ नका. आपल्यावर राज्य करायला जे गोरे कलेक्टर यायचे ते कोणत्या परीक्षेतून यायचे? लंडनला १८५५ साली पहिली खुली परीक्षा झाली, तिथं ग्रीकला ७५० मार्क, लॅटिनला ७५० मार्क. संस्कृतला ३७५, अरबीला ३७५. म्हणजे पुण्या-साताऱ्याच्या कुळकायद्याचा निवाडा करणारा माणूस निवडायला होमर दुप्पट वजनाचा. गंमत आहे की नाही! आपल्या 'पानी'ला आणि 'आनि'ला हसणाऱ्या मास्तरांना हे माप बरोबर कळेल. ण चा न झाला की माणसाची अक्कल, जात, वस्ती सगळं त्यांना एका क्षणात समजतं. व्याकरण ही भाषा बोलायची सोय असते, पण चौकीदाराच्या हाती दिलं की त्याचा दंडुका होतो.

क्रमेलनं कॅल्हूनच्या अटीची जी चिरफाड केली तिचा मुद्दा साधा आहे. कॅल्हून स्वतः ग्रीक शिकायला कुठं गेला? विद्यापीठात गेला. त्याच्या पोटातून ग्रीक उगवलं नाही. मग काळ्यानं ते कुठून आणायचं? जॉर्जिया राज्यात १८२९ साली कायदा झाला, की गुलामाला लिहा-वाचायला शिकवणं हा गुन्हा. शिकवणारा गोरा असला तर दंड आणि तुरुंग, काळा असला तर फटके. आपल्याकडं गौतम धर्मसूत्रानं वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात कथील आणि लाख ओतायला सांगितलं. समुद्राच्या दोन टोकांना दोन कायदे, मधे हजारो वर्षं, एकानं दुसऱ्याची नक्कल केलेली नाही. तरी हात एकच वाटतो. आधी कान बुजवायचे, मग म्हणायचं ह्याला ऐकू येत नाही.

कायदा नव्हता तिथं बैल होते. हे मी शब्दशः सांगतो आहे. न्यू हॅम्पशायर राज्यातल्या कनान गावी १८३५ साली गोऱ्या आणि काळ्या मुलांना एकत्र शिकवणारी नोयस अकॅडमी नावाची शाळा सुरू झाली. क्रमेल तिथं शिकायला गेला. न्यूयॉर्कपासूनचा सगळा प्रवास, काळ्या म्हणून बोटीवर-गाडीवर नीट जागा नाही, अन्न नाही, असा करून ही पोरं पोचली. काही महिन्यांत गावकरी जमले. बैलांच्या पुष्कळशा जोड्या आणल्या, शाळेची लाकडी इमारत दोरखंडांनी बांधली आणि पायावरून ओढून नेली. आग लावली असती तर एका रात्रीचं काम. पण ह्यांनी शाळा ओढली, दिवसाढवळ्या, गावाच्या साक्षीनं. मला हे चित्र आगीपेक्षा भयंकर वाटतं. बैलांना काय कळणार, आपण काय ओढतोय ते.

बाबासाहेबांचं आपल्याला ठाऊकच आहे. एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना संस्कृत घ्यायचं होतं, अस्पृश्याला ते मिळालं नाही, म्हणून फारशी घ्यावं लागलं. तिथं शाळा ओढून न्यायला बैल लागले नाहीत. मास्तर "नाही" म्हणाला, काम झालं. पुढं बाबासाहेबांनी संस्कृत स्वतः पदरात पाडून घेतलं आणि 'शूद्र पूर्वी कोण होते' हे पुस्तक १९४६ साली लिहून ते जोतिबांना अर्पण केलं. संस्कृत येत नसेल तर ह्या विषयात पडू नका, असं म्हणणाऱ्यांना त्यांनी प्रस्तावनेत खणखणीत उत्तर दिलंय. ते मुळातूनच वाचा.

क्रमेल पुढं केंब्रिजला गेला, क्वीन्स कॉलेजात, आणि १८५३ साली पदवी घेऊन बाहेर पडला. म्हणजे कॅल्हूनची अट पुरी झाली. पण क्रमेल मला पुरता पटत नाही, आणि ते इथंच बोललं पाहिजे. केंब्रिजहून तो आफ्रिकेत लायबेरियाला गेला, वीसेक वर्षं राहिला, आणि तिथल्या लोकांच्या भाषा कमी प्रतीच्या, इंग्रजी थोर, असं व्याख्यान देऊन सांगू लागला. ज्या पट्टीनं आपल्याला मोजून माणसाबाहेर काढलं तीच पट्टी घेऊन तो आपल्याच माणसांना मोजायला बसला. ही व्याधी आपल्याकडंही आहे. चार बुकं शिकून शहरात ब्लॉक घेतला की गावाकडच्या आईची बोली ज्यांना ऐकवत नाही असे आपलेच लोक मला माहीत आहेत. तुम्हालाही असतील.

मला जो खरा आपला वाटतो तो दुसरा. विल्यम सँडर्स स्कारबरो. जन्म १८५२, गाव मेकन, राज्य जॉर्जिया. तोच तो शिकवायला बंदी असलेला मुलूख, आणि कापसाचा मुलूख. आई गुलाम होती म्हणून पोरगा जन्मतः गुलाम. बाप सुटलेला, रेल्वेत कामाला. पोरगा खेळायला निघाल्यासारखा दाखवून पुस्तक लपवून शिकायला जायचा. एका गोऱ्या शेजाऱ्यानंही त्याला चोरून अक्षरं शिकवली. दहा वर्षांचा होईपर्यंत तो वाचायला लागला होता. आणि हात रिकामे नव्हते, चांभारकाम शिकत होता. जोडे शिवायचे, आणि मोठ्या माणसांच्या सभांचं लिखापढीचं कामही करायचं, कारण लिहिता येणारं माणूस वस्तीत दुसरं कुठलं!

१८६५ ला युद्ध संपलं, गुलामगिरी गेली. स्कारबरो अटलांटा विद्यापीठात गेला, तिथून ओहायोच्या ओबर्लिन कॉलेजात, आणि १८७५ साली पदवीधर झाला. गावी परत आला, काळ्या मुलांच्या शाळेत शिकवायला लागला. ती शाळा कुणीतरी जाळली. तो दुसरीकडं गेला. १८७७ साली ओहायोतल्या विल्बरफोर्स विद्यापीठात लॅटिन आणि ग्रीकचा प्राध्यापक झाला. हे विद्यापीठ काळ्या लोकांच्या चर्चनं चालवलेलं.

आणि १८८१ साली त्यानं एक पुस्तक काढलं, न्यूयॉर्कच्या नावाजलेल्या प्रकाशकाकडून. कविता नव्हे, आत्मकथन नव्हे, जाहीरनामा नव्हे. ग्रीक भाषेचं पाठ्यपुस्तक, पहिले धडे. नामं कशी चालवायची, क्रियापदं कशी चालवायची, भाषांतराचे अभ्यास आणि शेवटी वाचायला झेनोफनचे उतारे. गुलाम म्हणून जन्मलेल्या माणसानं गोऱ्या मालकांच्या पोरांनाही वापरता येईल असं ग्रीकचं पुस्तक लिहिलं. कॅल्हूननं जाणणारा मागितला होता, इथं शिकवणारा उभा राहिला. पण दाखला तयार झाला तेव्हा दाखला मागणारा १८५० सालीच मसणात गेलेला.

ज्या झेनोफनच्या पुस्तकाकडं हे धडे पोराला नेतात त्याबद्दल दोन शब्द सांगतो, कारण ते वाचून मी बेहद्द खूश झालो. इसवी सनापूर्वी ४०१ साली दहा हजारांवर ग्रीक भाडोत्री सैनिक इराणच्या एका राजपुत्राच्या चाकरीत बॅबिलोनजवळ जाऊन पोचले. लढाईत तो राजपुत्रच मेला. मालक मेला, पगार बुडाला, सेनापतींना शत्रूनं दगा देऊन मारलं, आणि घर शेकडो कोस लांब. मग ह्या लोकांनी आपल्यातूनच नवे म्होरके निवडले, सभा घेत घेत, भांडत भांडत, बर्फातून डोंगरातून चालत काळ्या समुद्रापर्यंत आले. एकाएकी बंद पडलेल्या गिरणीच्या गेटवर जो उभा राहिलाय त्याला ही गोष्ट प्राध्यापकानं समजावून द्यायला नको.

स्कारबरो १८८२ साली अमेरिकेतल्या ग्रीक-लॅटिन पंडितांच्या संस्थेचा सभासद झाला. १८९२ साली ह्या संस्थेचं अधिवेशन व्हर्जिनिया विद्यापीठात भरलं, दक्षिणेत, गुलामांच्या मालकांनी उभारलेल्या विद्यापीठात. तिथं जाऊन त्यानं निबंध वाचला. इथवर ऐकून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. पण पुढं ऐका. १९०९ साली हेच अधिवेशन बाल्टिमोरला होतं. जेवण ज्या हॉटेलात ठेवलं होतं ते हॉटेल म्हणालं, काळा माणूस पंगतीला असेल तर आम्ही वाढणार नाही. संस्थेनं हॉटेल बदललं नाही. स्कारबरो गेला नाही. सत्तावीस वर्षांचा सभासद, त्या वेळी एका विद्यापीठाचा अध्यक्ष! ग्रीक वाक्यरचना येत होती, पण आता अट वाक्यरचनेची राहिलेली नव्हती, ताटाची झाली होती. आपल्या लोकांना ही अट समजावून सांगायला नको.

म्हणजे अटीचा स्वभाव असा. ती पुरी करणारा आला की ती सरकते. आणि स्कारबरोच्या बाबतीत ती एका जागी नव्हे, दोन जागी सरकली. त्याचं पुस्तक निघालं त्याच १८८१ साली अलाबामात बुकर टी. वॉशिंग्टननं टस्कीगीची शाळा काढली. वीटकाम, सुतारकाम, शेती, धुणं, शिवण. काळ्या माणसाला आधी हातानं पोट भरायला शिकवा, ग्रीक-लॅटिनचं वेड पुरे, हे वॉशिंग्टनचं म्हणणं. तो स्वतः गुलाम म्हणून जन्मलेला, मिठाच्या भट्टीवर राबलेला माणूस, त्याला मी हलका म्हणणार नाही. शिवाय हातानं काम करण्याची लाज मला कशाला वाटेल? मी साचेखात्यात उभा राहतो, माझ्या केसांत कापसाची तूस असते. पण हे म्हणणं गोऱ्या शेठजींना इतकं का आवडलं ते विचारलं पाहिजे. पोलादवाल्या कार्नेगीनं १९०३ साली टस्कीगीला सहा लाख डॉलर दिले. कालपर्यंत म्हणत होते ग्रीक येत नाही म्हणून तू माणूस नाहीस. ग्रीक आलं तेव्हा म्हणाले, तुला ग्रीक कशाला, वीट थाप. काळ्यांच्या कॉलेजांतल्या ग्रीक-लॅटिनला पैसा मिळेनासा झाला. स्कारबरोला १८९२ साली विल्बरफोर्समधल्या प्राध्यापकीवरून काढलं होतं, ते काही वर्षांनी परत घेतलं. मधल्या काळात ग्रीक-लॅटिन शिकवायला आले ते डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस. हेच ते द्यु बॉइस, ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहून काळ्यांनी युनोला दिलेल्या अर्जाची प्रत मागितली.

वॉशिंग्टन शहरात ॲना ज्युलिया कूपर ही बाई काळ्या मुलांच्या एम स्ट्रीट हायस्कूलची मुख्याध्यापिका होती. तीही गुलाम म्हणून जन्मलेली, ओबर्लिनची पदवीधर. तिनं मुलांना लॅटिनसकट पुरं शिक्षण द्यायचा हट्ट धरला, तिची मुलं हार्वर्डला गेली. १९०६ साली तिला पदावरून घालवलं. चार वर्षांनी ती त्याच शाळेत लॅटिनची साधी शिक्षिका म्हणून परत आली, आणि पुढं १९२५ साली, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, पॅरिसच्या सोरबाँ विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली. अशा बाईला काय म्हणायचं? मी तरी नुसता उभा राहतो.

आता दार उघडून आत काय आहे ते बघू. इतकं जीव टाकून शिकावं असं त्या पुस्तकांत आहे काय?

आहे, आणि घाणही आहे. ॲरिस्टॉटलनं 'राजनीती' ग्रंथात लिहून ठेवलंय की गुलाम हे जिवंत हत्यार आहे आणि काही माणसं निसर्गतःच गुलाम असतात. कॅल्हूनच्या मंडळींनी हे वाक्य धर्मग्रंथासारखं वापरलं. मनूला कोण वापरतं हे आपण जाणतोच. पण त्याच पानावर ॲरिस्टॉटल एक विचित्र गोष्ट बोलून जातो. तो म्हणतो की धोटा जर आपोआप विणू लागला, तर मालकाला गुलामाची गरज उरणार नाही.

मी हे वाचलं तेव्हा रात्रपाळी होती आणि माझ्यासमोर ओळीनं साचे आपोआप विणत होते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या पंडिताला काय सांगू! धोटा आपोआप चालला, बाबा. इंग्लंडात १७८५ साली कार्टराइटनं यंत्रमागाचं पेटंट घेतलं. आणि झालं काय? आपोआप चालणाऱ्या मागांच्या पोटात कापूस घालायला अमेरिकेत आणखी माणसं जुंपली. १७९० साली तिथं सात लाखाच्या आसपास गुलाम होते, १८६० साली जवळजवळ चाळीस लाख. धोट्यानं गुलाम सुटला नाही, वाढला. यंत्र कोणाच्या मालकीचं, हा प्रश्न ॲरिस्टॉटलला पडला नाही, कारण तो मालकांच्या पंगतीत बसून लिहीत होता. त्याच अमेरिकेत युद्ध पेटलं तेव्हा तिकडचा कापूस बंद झाला आणि मुंबईचा कापूस सोन्याच्या भावानं गेला. त्या तेजीतल्या पैशातून प्रेमचंद रायचंद शेठजींनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आणि राजाबाई टॉवरला देणगी दिली. म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या मनोऱ्यात लांबच्या गुलामांच्या लढाईचा पैसा चिणलेला आहे. घड्याळ बघताना आठवण ठेवा.

अथेन्सची लोकशाही, लोकशाही म्हणून जे गळा काढतात त्यांनी लाव्रियनच्या चांदीच्या खाणी सांगाव्यात. तिथं हजारो गुलाम बोळकांडीत आडवे होऊन दगड फोडत होते, त्या चांदीवर अथेन्सचं आरमार उभं राहिलं. रोमचं सांगायचं तर स्पार्टाकस. इसवी सनापूर्वी ७३ ते ७१, दोन वर्षं त्यानं रोमला घाम फोडला, शेवटी पकडलेले सहा हजार गुलाम कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्यावर क्रुसांवर लटकवले. पण गुलाम नुसता मरत नव्हता. लॅटिनचा मोठा नाटककार टेरेन्स गुलाम म्हणून आफ्रिकेतून आणलेला, एपिक्टेटस हा तत्त्वज्ञ गुलाम. रोमचा मालक गुलामाला शिकवत होता, वैद्य करत होता, कारकून करत होता, कारण त्यात त्याचा फायदा होता. बाबासाहेबांनी रोमची गुलामी आणि आपली अस्पृश्यता शेजारी ठेवून हाच हिशेब मांडला आहे. गुलामाला निदान आत घेतलं जायचं. अस्पृश्याला शिकवण्यात कोणाचाच फायदा नव्हता आणि त्याच्या जगण्याची जबाबदारीही कोणावर नव्हती.

आणि रोमचे प्लेबियन. साधी माणसं, कर्जात बुडालेली, फौजेत मरणारी. इसवी सनापूर्वी ४९४ साली ती शहर सोडून टेकडीवर जाऊन बसली. आम्हाला हक्क द्या, नाहीतर लढा तुमचे तुम्ही. इतिहासातला हा एक पहिला संप. त्यातून त्यांना आपले ट्रिब्यून मिळाले. पुढं सव्वाशे वर्षं भांडून इसवी सनापूर्वी ३६६ ला त्यांच्यातला माणूस पहिल्यांदा कॉन्सल झाला. पण देवाचा कौल लावणारे पुजारी पॅट्रिशियन जातीचे. निवडून दिला आपण, कौल लावणार ते. 'जातिनिर्मूलन' ह्या १९३६ च्या पुस्तकात बाबासाहेबांनी नेमकं इथं बोट ठेवलं, की राजकीय हक्क मिळूनही धर्माची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला असेल तर काय होतं ते रोममध्ये बघा. पुजारीपण प्लेबियनांना कायद्यानं खुलं झालं ते इसवी सनापूर्वी ३०० साली. टेकडीवर जाऊन बसल्यापासून १९४ वर्षांनी. आरक्षण किती वर्षं म्हणून विचारणाऱ्यांना हा आकडा पाठ करून सांगा.

जोतिबांचंही बघा. 'गुलामगिरी' १८७३ साली निघालं. ते त्यांनी अमेरिकेत काळ्यांना गुलामीतून सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केलं हे आपण सभांतून सांगतो. पण त्याच्या इंग्रजी प्रस्तावनेच्या माथ्यावर एक वचन आहे होमरचं, गुलामी माणसातून काय हिरावून घेते ह्याबद्दलचं. ओडिसी काव्यात हे वचन कोणाच्या तोंडी आहे? युमेयसच्या. तो मालकाची डुकरं राखणारा गुलाम. भटाच्या विद्येला नाकारणाऱ्या माळ्यानं होमरच्या सगळ्या राजांना-वीरांना बाजूला सारून डुकरं राखणाऱ्याचं वाक्य उचललं. वाचायचं कसं, ह्याचा ह्याहून चांगला नमुना मला दुसरा माहीत नाही.

अमेरिकेत ही लढाई संपलेली नाही. हॉवर्ड ह्या काळ्यांच्या विद्यापीठात फ्रँक स्नोडेन ह्या काळ्या पंडितानं आयुष्यभर ग्रीक-लॅटिन शिकवलं आणि १९७० साली मोठा ग्रंथ काढून दाखवून दिलं की ग्रीक-रोमन लोक काळ्या माणसांना ओळखत होते आणि आजच्यासारखा रंगद्वेष त्यांच्यात नव्हता. म्हणजे गोऱ्यांनी ज्यांच्या नावानं आपलं गोरेपण मिरवलं त्यांना ते गोरेपण माहीतच नव्हतं. त्याच हॉवर्डनं २०२१ साली ग्रीक-लॅटिनचा विभाग मोडायचं ठरवलं. काळ्यांच्या विद्यापीठांत असा स्वतंत्र विभाग तो एकच होता. विद्यार्थी रडले, भांडले. त्याच साली प्रिन्स्टन ह्या श्रीमंत विद्यापीठानं ह्या विषयाच्या पदवीला ग्रीक-लॅटिन येण्याची अटच काढली. तिथंच डॅन-एल पडिया पेराल्टा हा डोमिनिकन देशातून लहानपणी आलेला, कागदपत्रांशिवाय वाढलेला काळा प्राध्यापक रोमचा इतिहास शिकवतो. २०१९ च्या अधिवेशनात त्याला भर सभेत ऐकवलं गेलं, की तू काळा आहेस म्हणून तुला नोकरी मिळाली असेल. संस्था तीच, स्कारबरोची, नाव बदललेलं. पेराल्टा म्हणतो, हा विषय जर गोरेपणाचा देव्हारा म्हणूनच जगणार असेल तर मेलेला बरा. हॉवर्डची पोरं म्हणतात, आम्हाला आत्ता कुठं मिळालं होतं, लगेच काढून घेऊ नका.

दोघांचंही मला पटतं, आणि इथं माझी पंचाईत होते. देव्हारा फोडायलाच पाहिजे. पण फोडणाऱ्याच्या हाती आतल्या पोथ्या वाचायची अक्कल पाहिजे, नाहीतर फुटलेल्या देव्हाऱ्याचे तुकडे गोळा करून पुन्हा तेच विकायला बसतात. प्रिन्स्टनच्या पोराला अट नको झाली तर तो शनिवारी खाजगी शिकवणी लावून ग्रीक शिकेल. हॉवर्डच्या पोराला विभागच नसला तर तो कुठं जाईल? म्हणून मला वाटतं, अट काढायची तर दोन्हीकडची काढा, आणि विभाग मोडायचा तर आधी श्रीमंताचा मोडा.

आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतील, आम्हाला बौद्ध लेणी आहेत, पाली आहे, ग्रीकाचं काय देणंघेणं? दोस्तहो, देणंघेणं आहे. औरंगाबादला १९५० साली बाबासाहेबांनी कॉलेज काढलं त्याला नाव दिलं मिलिंद. हा मिलिंद म्हणजे मिनँडर, ग्रीक राजा. तो भिक्खू नागसेनाला प्रश्नांवर प्रश्न विचारत गेला, आणि वादात हरला तेव्हा त्यानं नागसेनाचा गळा कापला नाही, ते कबूल केलं. कॉलेजचा परिसर नागसेनाच्या नावाचा, कॉलेज हरलेल्या राजाच्या नावाचं. मराठवाड्यातली आपली पहिली शिकलेली पिढी ह्या ग्रीकाच्या नावाखालून आत शिरली, आणि तिथं कोणी कोणाला आधी वाक्यरचना विचारली नाही.

कार्ल्याच्या लेण्यात तर यवनांची नावं खांबांवर कोरलेली आहेत. धेनुकाकट गावचे यवन, प्रत्येकानं एकेक खांब दान दिला. अक्षरं ब्राह्मी, भाषा प्राकृत, म्हणजे त्या काळच्या बाजारातल्या माणसांना कळणारी. नावंही बरीचशी इथलीच वाटतात. एकवीरेच्या जत्रेला गाड्या भरून लोक जातात, तिथून लेण्याचं दार चार पावलांवर आहे. आत शिरा, खांबाला हात लावा, आणि 'यवन' हा शब्द शोधा. ब्राह्मीची मुळाक्षरं पुढच्या अंकात आपण ह्याच पानावर देणार आहोत. स्टेन्सिल कापायला बसणाऱ्यानं वळणं नीट काढावीत, नाहीतर म चा व होतो.